दहापैकी सात

विक्रोळीत, कन्नमवार नगरात, रात्रीचे साडेदहा.
स्वरांगी म्हणते, बाबा, जेवण झालं असेल तर बसा इथे,
ग्राफिक्स कसे आहेत ते सांगा.
लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना कन्सोल
पंख्यापेक्षा मोठ्याने धापा टाकतोय.
खालून हवा खेळावी म्हणून तिने त्याला
माझ्या काँक्रीटच्या दोन जाड पुस्तकांवर बसवलाय.

मला बंदुकीतलं काही कळत नाही.
भिंतीतलं कळतं.
एकोणीस वर्षं हातोडी घेऊन हिंडतोय
काळाचौकी, मुगभाट, डोंगरी;
ठोकायचं, कान द्यायचा,
प्लास्टर पोकळ बोललं की खडूने गोल करायचा.

पडद्यावर चार शिपाई दाराला चिकटून उभे.
एकाने बोटं वर केली, तीन, दोन,
थांब, म्हटलं, ती तुळई दाखव.
आत्ता?
आत्ताच. जरा वर बघ.

तिने वर बघितलं, आणि मेली.
काही बोलली नाही. पुन्हा सुरू केलं.

तुळई मात्र चांगली होती, खोटं का बोला.
सळई गंजून फुगलेली, काँक्रीट सुटलेलं,
खाली तांबूस ओघळ, आणि ओघळ सरळ नाही,
रंगाच्या एका पोपड्याला वळसा घालून गेलेला.
हे ज्याने काढलं त्याने कधीतरी
गळक्या छताखाली बादली सरकवली असणार.

गोळी लागली की धूळ उडते,
खिडकीतल्या उन्हात क्षणभर रेंगाळते. बरोबर.
पण भोकं बघ, म्हटलं.
विटेला जे भोक, गिलाव्याला तेच,
लाकडी कपाटालाही तेच, शिक्का मारल्यासारखं.
तिने जवळ जाऊन पाहिलं.
च्यायला, म्हणाली, आणि जीभ चावली.

शत्रू संपले तेव्हा आम्ही घर बघत हिंडलो.
बंदूक खाली होत नव्हती;
कोपऱ्यात नळी राहिलीच, दलालाच्या हातातल्या
किल्लीसारखी पुढेपुढे करत.
स्वयंपाकघर. ओट्यावर भांडी, भांड्यांवर उजेड,
इतका नेमका की हात लावावासा वाटला.
मग भिंतीवरचा स्विचबोर्ड.
जवळ जा. आणखी जवळ.
पांढराशुभ्र.

इथे कुणी राहिलेलंच नाही, म्हटलं.
बटणांभोवती बोटांचा मळ कुठाय?

तिने मान वळवून आमच्या दाराजवळचा बोर्ड पाहिला.
पंख्याच्या बटणाभोवती काळपट खळं,
तेलाचं, कणकेचं,
पहाटेच्या ड्यूटीला निघणाऱ्या आईच्या घाईचं.

दहापैकी किती?
सात.
वर्गात सगळे नऊ म्हणतात.
भोकांचा एक कापला. बोर्डाचा एक.
आणि तिसरा?

तिसरा जिन्याचा.
मी सी-वन लिहून खाली उतरतो ना,
तेव्हा मजल्यामजल्यावर माणसं दारात उभी असतात.
इमारत किती वाईट आहे हे कुणी विचारत नाही.
एक बाई विचारते, गॅसचा नंबर लावलाय,
सिलिंडर इथेच येईल ना?
धुमाळे म्हणून एक गृहस्थ बशीत चहा ओतून देतात,
त्यांच्याच मोरीखालच्या खांबावर
मी लाल फुली मारून आलेलो असतो.
तुझ्या जिन्यात कुणीच नाही.
कधी गेले सगळे? सामान टाकून?

स्वरांगीने कन्सोलवर हात ठेवून पाहिला, गरम होता.
माणसं घातली तर फ्रेम रेट पडतो, बाबा.

पडत असेल, म्हटलं.
उद्या नऊला घोडपदेव, चार मजले.
मी हातोडी, खडू, टॉर्च पिशवीत भरून दाराशी ठेवले.
मागे पडद्यावर ती पुन्हा त्याच जिन्यात शिरली होती,
एकटी, सावकाश,
प्रत्येक मजल्यावर थांबत.